श्वासाची साक्ष

यंत्राला राग नसतो, लोभ नसतो. त्यामुळे त्याने दाखविलेला आकडा निष्पक्ष मानण्याकडे मनाचा सहज कल होतो. रात्रीच्या नाकाबंदीत वाहनचालकाच्या तोंडाशी धरले जाणारे श्वासविश्लेषक यंत्र याच विश्वासावर चालते. मद्यपी चालकांनी किती कुटुंबे उद्ध्वस्त केली आहेत हे ध्यानात घेतले, तर ही तपासणी आवश्यकच ठरते. तथापि ज्या आकड्यावर माणसाची अब्रू ठरणार, तो आकडा कसा येतो हे सर्वसामान्य गृहस्थालाही ठाऊक असले पाहिजे.

सांगली परिसरातील एका सद्गृहस्थांवर आलेला प्रसंग याच संदर्भात विचार करण्याजोगा आहे. सहकारी संस्थेतून निवृत्त झालेल्या या गृहस्थांना सारे गाव अण्णा म्हणते. मद्य, मांस आणि मधू यांच्या त्यागाचा नियम त्यांनी तरुणपणीच मुनिमहाराजांसमोर घेतलेला. रात्रिभोजनाचाही त्याग, केवळ पाणी आणि औषधाची सूट. एका लग्नाहून सून आणि नातवासह परतताना खोकल्याची उबळ आली, म्हणून त्यांनी गाडी थांबवून होमिओपॅथीच्या औषधाचे थेंब जिभेवर घेतले. पाचच मिनिटांनी नाकाबंदी लागली. यंत्राने 48 हा आकडा दाखविला.

“काका, या वयात?” हवालदारांनी विचारले. मागच्या आसनावर नातू सारे ऐकत होता. अण्णांचे हात थरथरू लागले. काय असेल तो दंड भरावा आणि येथून निघावे, असे त्यांना झाले. सुनेने मात्र औषधाची बाटली पुढे केली. “साहेब, यात अल्कोहोल आहे, वेष्टनावर लिहिले आहे. वीस मिनिटांनी पुन्हा तपासा. तरीही शंका राहिली, तर रक्त तपासू या. अण्णा, आपण दंड कबूल करायचा नाही.” अधिकारी समंजस होते. अण्णांनी चूळ भरली, वीस मिनिटे गेली आणि दुसऱ्या वेळी यंत्राने शून्य दाखविले.

या दोन आकड्यांमधील अंतराचे कारण साधे आहे. प्यायलेले मद्य रक्तात मिसळते आणि फुप्फुसांच्या खोल भागात रक्तातून श्वासात उतरते. यंत्राला त्या खोल श्वासातील मद्यार्क मोजायचा असतो. परंतु तोंडात नुकतेच औषध किंवा माउथवॉश गेले असेल, तर यंत्र तोंडातील वाफच मोजते. हा अंश साधारण पंधरा मिनिटांत नाहीसा होतो. म्हणूनच चाचणीपूर्वी पंधरा ते वीस मिनिटे थांबण्याची पद्धत अनेक देशांत रूढ आहे.

दुसरी अडचण गणिताची आहे. यंत्र रक्त मोजत नाही, श्वासावरून रक्ताचा अंदाज बांधते. त्यासाठी रक्त आणि श्वास यांतील मद्यार्काचे प्रमाण 2100 ला 1 असे धरले जाते. प्रत्यक्षात ते माणसागणिक बदलते. ज्याचे प्रमाण 1800 आहे, त्याच्या 100 मिलिलिटर रक्तात 26 मिलिग्रॅम मद्यार्क असताना यंत्र 30 दाखवील. ज्याचे 2400 आहे, त्याच्या रक्तात 34 असतानाही आकडा 30 च्या खाली राहील. म्हणजे ही चूक कधी निर्दोषाला गोवते, तर कधी दोषीला सोडते. शिवाय यंत्राच्या संवेदकाची जोडणी ठरावीक काळाने प्रमाणित द्रावणाशी ताडून पाहिली नाही, तर सारेच आकडे सरकतात.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 नुसार 30 मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. याच कायद्यात कलम 204 खाली रक्ततपासणीची तरतूद आहे. अटक झाल्यास दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरांकडून तपासणी व्हावी, अन्यथा त्या व्यक्तीस सोडून द्यावे, असे कलम 202 सांगते.

न्यायालयांनीही या प्रश्नाकडे सावधपणे पाहिले आहे. महाराष्ट्रातीलच एका खटल्यात 1971 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, तोंडाला वास येणे किंवा तोल जाणे एवढ्यावरून मद्यप्राशन सिद्ध होत नाही. दारूबंदी असलेल्या बिहारमध्ये याच निकालाच्या आधारे पाटणा उच्च न्यायालयाने 2024 मध्ये केवळ श्वासचाचणीचा अहवाल निर्णायक पुरावा मानण्यास नकार दिला. परदेशातही हाच अनुभव आहे. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात यंत्रे जुळविताना द्रावणाचे तापमान प्रमाणित तापमापकाने तपासण्याची एक पायरी गाळली गेल्याचे उघड झाले आणि 2018 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने 20,667 चाचण्या पुरावा म्हणून अग्राह्य ठरविल्या. त्यांत निर्दोष किती आणि दोषी किती, हे वेगळे करण्याची सोय उरली नाही. एका गाळलेल्या पायरीने दोघांचाही न्याय बिघडविला.

बँकेत मोठ्या रकमेचे व्हाउचर एकाच सहीवर पुढे जात नाही. पहिली सही करणारा अप्रामाणिक आहे असा त्याचा अर्थ नसतो. प्रामाणिक माणसाचीही नजर चुकते, म्हणून दुसरी सही लागते. श्वासचाचणीला रक्ततपासणी ही तशी दुसरी सही आहे. ती मागणे म्हणजे पोलिसांशी भांडणे नव्हे. आपल्याला विनाकारण गोवले जात आहे असे वाटल्यास शांतपणे औषध दाखवावे, थोड्या वेळाने पुन्हा चाचणी घेण्याची विनंती करावी, आकड्याच्या पावतीवरील वेळ आणि यंत्राचा क्रमांक पाहून ठेवावा आणि रक्ततपासणीची तयारी तेथेच दर्शवावी. दुसऱ्या दिवशी केलेल्या तपासणीला फारसे मोल राहत नाही, कारण शरीर तोवर मद्यार्क बाहेर टाकते.

घरी परतल्यावर अण्णांना वेगळीच टोचणी लागली. इतकी वर्षे औषध म्हणून घेतलेल्या थेंबांत मद्यार्क होता. अजाणता घडलेल्याचे प्रायश्चित्त महाराजांना विचारता येते, असे सुनेने त्यांना समजाविले. परंतु घाबरून दिलेला कबुलीजबाब न्यायालयाच्या दप्तरी एकदा चढला की तो पुसणे फार कठीण असते.

जो खरोखर पिऊन गाडी चालवितो, त्याला या विवेचनातून पळवाट मिळत नाही. रक्तातील मद्यार्क तासाला साधारण 15 मिलिग्रॅम या वेगानेच उतरतो. वीस मिनिटे थांबून त्याची सुटका होणार नाही आणि रक्ततपासणी तर त्याच्याविरुद्ध अधिकच भक्कम पुरावा देईल. दुसऱ्या चाचणीने निर्दोषाचे रक्षण होते आणि दोषीवरील आरोप न्यायालयात टिकतो. म्हणून ती मागण्यात संकोच नसावा, आणि ती देण्यात पोलिसांनाही कमीपणा वाटू नये.