वेळेआधीची माणसे

गाडीच्या वेळेआधी दहा मिनिटे फलाटावर हजर असणारी माणसे सगळी एकाच जातीची, असा एक समज आहे. ठाणे-डोंबिवलीकडे तर तो पक्काच आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला आली, तेव्हा इकडच्या माणसाच्या गळ्यात जे घड्याळ बांधले गेले ते अजून सुटलेले नाही. पण या वेळेआधी येणाऱ्यांत दोन अगदी निराळ्या जाती असतात, आणि त्या जवळून पाहण्याची संधी मला घरातच मिळाली.

माझे थोरले काका ठाण्याला नौपाड्यात राहत, धाकटे डोंबिवलीला. दोघेही विजेचे बिल आले की त्याच दिवशी भरणारे, छत्री वाळवूनच घडी घालणारे, निजण्यापूर्वी दाराची कडी दोनदा पाहणारे. "एकाच माळेचे मणी!" असे नातेवाईक म्हणत. मला ते कधीच पटले नाही. थोरले काका कडी पाहत, ती सरळ बसली आहे की नाही म्हणून. धाकटे पाहत, चोर आला तर ती टिकेल की नाही म्हणून.

अलीकडे एनिअग्राम नावाची एक विद्या बरीच बोलली जाते. एक वर्तुळ, त्यावर नऊ बिंदू, आणि त्या नवांत सगळ्या माणसांचे स्वभाव! (आपल्याला नवग्रह पुरत नव्हते म्हणून की काय!) बोलिव्हियाच्या ऑस्कर इचाझो यांनी ही मांडणी केली आणि १९७० च्या सुमारास त्यांच्याकडे शिकलेले चिलीचे मानसोपचारतज्ज्ञ क्लॉदिओ नारान्हो यांनी ती पुढे नेली. शास्त्राच्या कसाला ती फारशी उतरलेली नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण तिच्यातली एक खूण मला फार आवडली. माणूस काय करतो याहून तो ते कशापायी करतो, हे ती पाहते. पहिल्या बिंदूवरचा माणूस शिस्त पाळतो, कारण जग जसे असायला हवे तसे नाही याचा त्याला आतल्या आत राग असतो. सहाव्यावरचा तीच शिस्त पाळतो, पण भीतीपोटी, "असे झाले तर?" हा त्याचा अखंड जप. बाहेरून दोघे जुळे दिसतात. दासबोधात समर्थांनाही मूर्खाची लक्षणे सांगून झाल्यावर पढतमूर्खासाठी वेगळा समास लिहावा लागलाच की!

हा फरक न कळण्याचा त्रास भोगला तो धाकट्या काकांच्या मुलीने. नोकरीला लागल्यावर तिला घरी यायला उशीर होई. काका जिन्यात उभे असत आणि "किती वाजले?" एवढेच विचारीत. तिला वाटे, थोरल्या काकांसारखे हेही आपल्या चुका मोजताहेत. बापलेकीतले बोलणे जवळजवळ बंद झाले. तिने मुंबईत खोली पाहायला सुरुवात केली.

अशात २६ जुलै २००५ उजाडला. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो हा दिवस. गाड्या बंद, फोन लागेनात. मुलगी भांडुपला कचेरीत अडकली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पायी ठाण्याला पोचली, तेव्हा थोरले काका तुंबलेल्या नाल्यांविषयी तक्रारीचे पत्र लिहीत बसले होते. तिला पाहताच म्हणाले, "आभाळ दिसत होतं ना? मग दुपारीच निघायला काय झालं होतं?" आणि उठून स्वतः चहाचे आधण ठेवले.

तिसऱ्या प्रहरी, मिळेल त्या वाहनाने आणि उरलेले पायी, ती डोंबिवलीला आली. तिथे तिने निराळेच वडील पाहिले. तळमजल्यावरची दोन बिऱ्हाडे काकांच्या घरात होती. मेणबत्त्या, बॅटऱ्या, दोर, पाण्याचे भरलेले हंडे, ज्यांच्यावरून घरात वर्षानुवर्षे थट्टा होई ते सारे बाहेर निघाले होते. आणि काका शांत! संकटाची वाट पाहण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला ते प्रत्यक्ष आल्यावर सुटल्यासारखेच वाटत असावे. मुलगी दारात दिसली, तेव्हा मात्र ते जिन्याच्या पायरीवर मटकन बसले. कितीतरी वेळ त्यांना बोलता येईना.

खोली पाहणे तिने सोडून दिले. पुढे उशीर होणार असला की ती स्टेशनवरून फोन करी आणि एकच शब्द सांगे, "निघाले." तेवढ्यावर काका पांघरूण घेऊन आडवे होत. भाऊबीजेला ठाण्याला जाताना तिने थोरल्या काकांनाही तसाच फोन करून पाहिला. पलीकडून लगेच प्रश्न आला, "कितीच्या गाडीने?"