अंगाला पटेपर्यंत

ओळखीतल्या एक काकू मूळच्या उमरग्याकडच्या. आता पुण्यात लेकाकडे असतात, तिसऱ्या मजल्यावर. रात्री झोपताना चपला पलंगाला लावून ठेवतात, दोन्ही दाराकडे तोंड करून. उशाशी बॅटरी. दाराला नुसतं लॅच, कडी लावू देत नाहीत. खालून डंपर गेला आणि खिडकीची काच थरथरली की काकू उठून दारापाशी पोचलेल्या असतात, पुष्कळदा अर्धवट झोपेतच. एकदा सून म्हणाली, "अहो आई, डंपर होता." काकू म्हणाल्या, "म्हाईत हाय की मला. पायाला कोण सांगावं?"

मनावरच्या आघाताबद्दल बरंच वाचलं. इतकं नेमकं कुठे सापडलं नाही.

*

काकूंच्या भागातला भूकंप. ३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, होळी, राजेगाव, पेठ सांगवी. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, दोन्ही जिल्ह्यांतली गावं काही सेकंदांत बसली. माणसं गेली ती आठ ते दहा हजारांच्या घरात.

एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. आदल्या वर्षी, १९९२च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरात, किल्लारी परिसराला लहान धक्के बसत होते. लोक घाबरले. मग धक्के ओसरले आणि लोकही सावरले. नंतर वर्षाच्या आत हे. असं ज्यांच्या वाट्याला आलं, त्यांना 'आता सगळं शांत आहे' हे वाक्य धीर देत नाही, उलट सावध करतं. बाहेरच्या माणसाला हा वेडेपणा वाटतो. त्यांच्या हिशेबाने तो अनुभव आहे.

*

मेंदूत कानशिलाच्या आतल्या बाजूला अमिग्डाला नावाचा छोटा भाग असतो. धोक्याची वर्दी देणं हे त्याचं काम. काय झालं, खरंच धोका आहे का, याची शहानिशा मेंदूचे दुसरे भाग करतात, पण ते थोडे मागून येतात. तोवर छाती धडधडू लागलेली असते, हातापायांना घाम सुटलेला असतो. मोठ्या आघातानंतर ही वर्दी फार स्वस्त होते. मातीचा वास, विशिष्ट आवाज, अंधार, एवढंही पुरतं. आणि त्या आठवणीवर तारीख नीट पडलेली नसते. म्हणून ती 'तेव्हा झालं होतं' अशी येत नाही, 'आत्ता होतंय' अशी येते.

व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांची अवस्था पाहून अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी १९८०मध्ये याला अधिकृत आजाराच्या यादीत बसवलं. त्याआधी अशा अवस्थेतल्या सैनिकांना अनेकदा भित्रे ठरवलं जायचं.

*

सरकारी स्मृतिदिन ३० सप्टेंबरला. काकूंचा मात्र अनंत चतुर्दशीला. त्या वर्षी विसर्जन आटोपून लोक उशिरा झोपले होते, गाढ झोपले होते. तारीख जागची हलत नाही, पण तिथी कधी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात येते, कधी शेवटच्या. घरच्यांना आधी वाटायचं, आईंचं अचानक काहीतरी बिनसलंय. जेवत नाहीत, चिडचिड करतात, पाठ दुखते म्हणतात. कुणीतरी पंचांग उघडलं असतं तर उलगडा झाला असता.

त्यात पुण्यात चतुर्दशीच्या रात्री स्पीकरच्या भिंती. त्या दणक्याने खरोखरच काचा हादरतात. आता लेक त्या दोन दिवसांसाठी त्यांना भावाकडे गावाला सोडून येतो, नव्या गावठाणातल्या घरी. यात उपचार काही नाही, जाण आहे. पण तीही थोडी नसते.

*

भिंतीबद्दल. भूकंपाच्या भागातली जुनी भिंत दोन-अडीच फूट जाडीची. बाहेरून दगड, आतून दगड, मध्ये माती आणि कपच्यांची भर. दोन्ही अंगांना बांधून ठेवणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नाहीच. वर लाकडी तुळया आणि माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. पाऊस गळतो म्हणून माळवदावर दर एक-दोन वर्षांनी मातीचा नवा थर. उन्हाळ्यात घर गार राहायचं. ज्या जाडीचा आणि वजनाचा आधार वाटायचा, त्याच जाडीने आणि वजनाने माणसं गाडली.

नंतर बरेच लोक दगडाच्या घरात झोपायला तयार नव्हते. उन्हात तापणारं पत्र्याचं शेड चालेल, दगड नको. तज्ज्ञ सांगत होते, दोष दगडाचा नाही, बांधणीचा आहे. बोलणं शंभर टक्के खरं होतं. डोक्याला पटलंही असेल. अंगाला पटायला वेळ लागतो, आणि ते भाषणाने पटत नाही.

*

भूकंपाला तारीख असते. काही घरांतल्या आघाताला ती नसते. संध्याकाळी बापाची गाडी लागल्याच्या आवाजावरून आज कसा दिवस आहे ते ओळखणारं मूल. जिन्यावरची पावलं मोजणारी मुलगी. अशा मुलांवर कुठली इमारत कोसळलेली नसते, म्हणून त्यांना स्वतःलाही वाटतं, आपल्याला काय झालंय?

व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा या डॉक्टरांनी अमेरिकेत १७ हजारांहून अधिक प्रौढांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारलं होतं. मारहाण, लैंगिक अत्याचार, हेळसांड, घरातलं व्यसन, आईला होणारी मारझोड. १९९८पासून त्यांचे निबंध येऊ लागले. असे प्रकार जितके जास्त, तितका पुढे नैराश्याचा, व्यसनांचा, अगदी हृदयविकाराचाही धोका जास्त, असं त्यांत दिसलं. धोका जास्त म्हणजे नशीब ठरलं असं नव्हे. हे दुसरं वाक्य पहिल्याइतकंच मोठ्याने सांगायला हवं.

*

'बोल, मोकळी हो, सगळं सांगून टाक.' आपण सगळेच म्हणतो. आपत्तीनंतर लगेच लोकांना बसवून, एकाच बैठकीत घडलेलं सगळं वदवून घेण्याची पद्धत जगभर रूढ होती. तपासण्या झाल्या तेव्हा दिसलं की तिने पुढचा त्रास टळत नाही, काहींना उलट जास्त होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०११मध्ये मदतीला जाणाऱ्यांसाठी पुस्तिका काढली, तिचा सूर निराळा आहे. सुरक्षित जागी न्या, पाणी, पांघरूण, नातलगांचा पत्ता बघा, ऐकायला हजर राहा, सांगायची जबरदस्ती करू नका.

आपल्याकडे दुखवट्याच्या घरी पिठलं-भाकरी घेऊन जाणाऱ्या शेजारणीने हेच केलेलं असतं. तिथे 'नेमकं कसं झालं हो?' असं खोदून विचारणारेही येतात. पाच मिनिटांत कळतं कोण कशाला आलंय.

*

मोठा आघात झालेली बहुतेक माणसं कालांतराने सावरतात, बऱ्याचदा कुठल्याही डॉक्टरकडे न जाता. हेही लिहून ठेवलं पाहिजे, कारण हल्ली 'ट्रॉमा' म्हटलं की माणूस कायमचा मोडलेला धरतात. पण महिने उलटले तरी झोप नाही, तेच तेच स्वप्न, माणसं टाळणं, दारू वाढणं, असं असेल तर 'काळ हेच औषध' म्हणत बसू नये. उपचार आहेत आणि ते लागू पडतात. त्यांचा गाभा साधारण एकच आहे: आधी सुरक्षितता, मग जाणत्या माणसाच्या सोबतीने, झेपेल तेवढंच, टाळलेल्या आठवणीपाशी आणि टाळलेल्या जागेपाशी पुन्हा जायचं. दर वेळी काही कोसळत नाही, हे अंगाला कळू द्यायचं. कुठे जावं सुचत नसेल तर 'टेली-मानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

*

काकूंची नात कॉलेजात आहे. भूकंपानंतर बऱ्याच वर्षांनी जन्मलेली. तिच्याही चपला पलंगाशी, दाराकडे तोंड करून. का, विचारलं तर म्हणाली, "आमच्यात असंच ठेवतात."

*

५२ गावांचं पुनर्वसन नव्या जागी झालं. आखीव रस्ते, सुटी सुटी घरं, हाकेला ओ येईना एवढं अंतर. घरं भक्कम झाली, शेजार विस्कटला. याखेरीज लाखाहून जास्त घरं जागच्या जागी दुरुस्त आणि मजबूत करायची होती. या कामात 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने गावोगावच्या बायकांना संवाद सहायक म्हणून उभं केलं. ज्या बायका चारचौघांत बोलत नव्हत्या, त्या शासनाची माहिती घरोघर पोचवू लागल्या आणि बांधकाम नीट होतंय का ते बघू लागल्या. जाडजूड भिंतीला आरपार भोक पाडायचं, त्यात सळई घालून काँक्रीट भरायचं, म्हणजे आतला आणि बाहेरचा दगड एकमेकांना धरून राहतो. हे त्यांनी समजून घेतलं आणि दुसऱ्यांना समजावलं.

मला हा आघातावरचा उपचारच वाटतो, जरी कुठल्या दवाखान्याच्या नोंदीत तो नसेल. त्या पहाटे हातात काहीच नव्हतं, आघाताचा गाभाच तो. ज्या भिंतीने घात केला तिला हात लावायचा, ती का पडली ते जाणायचं, आता पडू नये म्हणून काय करायचं ते स्वतः ठरवायचं. 'घाबरू नका' असं दहा जणांनी सांगून जे होत नाही, ते यात होण्याची शक्यता असते. ज्यांच्या वाट्याला असं काम आलं नाही, त्यांचं सावरणं अवघड गेलं असणार, असं काकूंकडे पाहून वाटतं. त्या लेकाबरोबर शहरात आल्या. त्यांच्या हाताला कुठली भिंत लागलीच नाही.

*

२६ जानेवारी २००१ला कच्छमध्ये भूकंप झाला. पुढे लातूर-उस्मानाबादच्या बायका तिकडे गेल्या, आपण काय केलं, घर उभारताना कशावर लक्ष ठेवायचं, सरकारकडे काय मागायचं, ते तिथल्या बायकांना सांगायला. पुन्हा पडझडीच्या गावांत, पुन्हा तशाच ढिगाऱ्यांमध्ये. त्यांची भीती गेली होती का? बहुधा नाही. पण भीतीसकट त्यांना जाता आलं, आणि तिथे त्यांची गरज होती. बरं होणं म्हणतात ते याहून फार वेगळं असेल असं मला वाटत नाही.