मिलिमीटरभर लोखंड

ज्या जुन्या वस्तूवर माणसाचे प्रेम असते, तीच वस्तू सुधारण्याचा मोह त्यास का व्हावा, हे आम्हांस अद्याप उमगलेले नाही. कडेगावच्या आमच्या घरी एक विलीज जीप आहे. १९४१ ते १९४५ या युद्धकाळात असल्या तीन लाखांहून अधिक गाड्या त्या कारखान्यातून बाहेर पडल्या; त्यांपैकी ही एक आमच्या चुलत्यांनी लष्करी लिलावात घेतली आणि हयातभर तिच्या इंजिनास परक्याचा हात लागू दिला नाही. ते गेले, गाडी आमच्याकडे आली. गेल्या उन्हाळ्यात गॅस्केट फुटले म्हणून हेड उघडले, तो ते वाकलेले व गंजाने खाल्लेले आढळले. घासून सपाट करणे प्राप्तच होते. प्रश्न एवढाच की, किती घासावे?

या इंजिनाचे व्हॉल्व्ह हेडात नसतात. ते सिलिंडरच्या शेजारी, ब्लॉकमध्ये, तोंड वर करून बसलेले असतात. हेड म्हणजे केवळ खळगे असलेले जाड झाकण. ते घासले की खळगे उथळ होतात, मिश्रण अधिक दाबले जाते आणि तेवढ्याच पेट्रोलातून अधिक काम निघते. दाबाचे मूळ प्रमाण ६.४८ ला १. त्या काळच्या पेट्रोलास याहून फारसा अधिक दाब सोसत नसे. ज्योत पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण पेटे आणि इंजिन ठोके मारू लागे. आजचे पंपावरील पेट्रोल ९१ ऑक्टेनच्या खाली नसते, शिवाय त्यात इथेनॉल. म्हणजे उसाच्या या मुलखात गाडीही थोडी उसावरच चालते म्हणावयाची! तेव्हा ७ ला १ हे प्रमाण आम्हांस अगदी निर्धोक वाटले.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून ब्युरेट आणली. हेड उलटे ठेवून, भोक पाडलेली काच ग्रीसने चिकटवून, खळग्यात पातळ तेल सोडून मोजले. सिलिंडर ५५० घन सेंटिमीटरचा. साताचे प्रमाण गाठण्यास जवळजवळ ९ घन सेंटिमीटर जागा कमी करावयाची, म्हणजे मिलिमीटरहून किंचित अधिक लोखंड काढावयाचे. हा हिशेब आम्ही मोठ्या ऐटीत मिस्त्रींपुढे ठेवला.

त्यांनी कागदाकडे पाहिलेही नाही. “सर, व्हॉल्व्ह उघडतो तो वर, ह्याच खड्ड्यात. खड्डा उथळ केला तर हवा आत यायची कुठनं?”

आक्षेप मार्मिक होता. व्हॉल्व्हपासून सिलिंडरपर्यंत मिश्रणास याच उथळ वाटेने वळून जावे लागते. दाब वाढवावा तर श्वास कोंडतो. पहिल्या महायुद्धानंतर हॅरी रिकार्डो या इंग्रज अभियंत्याने खळग्याचा आकारच बदलून, मिश्रण ठिणगीभोवती घुसळून, या जातीच्या इंजिनास नवे आयुष्य दिले खरे. पण तो आकार घासून मिळत नाही. आम्ही पुन्हा गणित मांडले. सात गाठूनही कागदावरचा लाभ शेकडा पावणेतीन! आणि काढलेले लोखंड परत बसवता येत नाही. चुलत्यांची आठवण त्या क्षणी फार तीव्रतेने झाली.

अखेर अर्ध्या मिलिमीटरवर तडजोड झाली. मिस्त्रींनी व्हॉल्व्हवर व पिस्टनवर मुलांच्या खेळातील माती थापली, हेड आवळले, इंजिन हाताने दोन फेरे फिरविले, पुन्हा उघडून मातीची जाडी सुरीने कापून पाहिली, आणि मगच मान हलविली. प्रमाण ६.७ च्या आसपास आले असावे.

पुढल्या रविवारी सागरेश्वराच्या चढावर जीप नेली. गाडी पूर्वीपेक्षा जोमाने ओढते आहे, असे आम्ही मोठ्याने म्हणालो. शेजारी बसलेल्या सौभाग्यवती म्हणाल्या, “काकांच्या हातीही ती असाच चढ चढत असे की!”