स्टेपनी, डिकी आणि गंजीफ्रॉक

आमच्या कॉलेजात इंग्रजी दोन प्रकारचं आहे. एक प्लेसमेंटचं आणि दुसरं मी तलासरीहून येताना आणलेलं. दुसऱ्याला मार्क नाहीत! मागच्या सेमिस्टरला मॉक इंटरव्ह्यूत मी ‘स्टेपनी’ म्हणालो, तर बाहेरून आलेले परीक्षक हसले. "हा शब्द आता जगात कुठे चालत नाही, स्पेअर व्हील म्हण." मग ‘थ्राइस’ही खटकला. म्हणे, आजीबाईंचं इंग्रजी.

म्हटलं, या आजीबाईंची चौकशी तरी करू. तर मित्रांनो, स्टेपनीचं माहेर वेल्समधलं लॅनेली गाव, साल १९०४. तेव्हा मोटारीबरोबर जादा चाक येतच नसे. पंक्चर झालं की भर रस्त्यात टायर उतरवा, ठिगळ लावा, हवा भरा. डेव्हिस बंधूंनी आरे नसलेली नुसती रिम केली, बैलगाडीच्या धावेसारखी, वर हवा भरलेला टायर. ती पंक्चर चाकाला बाजूने आवळायची आणि निघायचं. दुकान स्टेपनी स्ट्रीटवर, म्हणून नाव स्टेपनी. पुढे मोटारवाले स्वतःच जादा चाक देऊ लागले आणि तिकडे शब्द मागे पडला. माल्टा बेटावर मात्र अजून आहे. आणि आमच्याकडे!

आमच्याकडे म्हणजे मुंबई-अहमदाबाद हायवेवर. तलासरीजवळ माझ्या मामाचं पंक्चरचं दुकान आहे. मामा चौथी शिकलेला. गुजराती ड्रायव्हर, पंजाबी क्लीनर, वारली पोऱ्या, सगळ्यांना ‘स्टेपनी’ कळते. ‘स्पेअर व्हील’ म्हणालात तर पोऱ्या तुमच्या तोंडाकडे बघेल. ‘डिकी’चंही तसंच. घोडागाडीवर गाडीवानाची किंवा मागे नोकराची जी बैठक, ती डिकी. साहेबांच्या देशात तिची ‘बूट’ झाली, आपण डिकीतच सामान कोंबतो. लॅनेलीची गोष्ट मामाला सांगितली, तर तो म्हणाला, "त्यांचं दुकान अजून चालतं का रे?"

डहाणूला खाडीवर गेलात तर मांगेले गंजीफ्रॉकवर जाळी विणताना दिसतील. हा शब्द ‘गर्न्सी फ्रॉक’चा. गर्न्सी हे इंग्लिश खाडीतलं बेट, तिथल्या कोळ्यांचा लोकरीचा जाड स्वेटर. म्हणजे शब्द कोळ्यांकडून निघाला आणि कोळ्यांकडेच पोचला, लोकर तेवढी वाटेत गळली. आमच्या उकाड्यात बरंच झालं!

सिव्हिलवाल्यांनो, डहाणू रोडला रुळांची देखभाल करणारं खातं ‘पर्मनंट वे’चं. रेल्वे बांधताना कंत्राटदार आधी सामान वाहायला कच्चे रूळ टाकायचे, ते टेंपररी. नंतरचे पक्के, ते पर्मनंट. कच्चे केव्हाच गेले, विशेषण राहिलं.

आता ‘थ्राइस’. आपल्याकडे एकदा, दोनदा, तीनदा. मग वन्स, ट्वाइसनंतर एकदम ‘थ्री टाइम्स’ कशाला? तसंच ‘फोर्टनाइट’. चौदा रात्री! आपल्या पंधरवड्याची सख्खी बहीण. हे शब्द मला जुने वाटलेच नाहीत, घरचे वाटले. आणि हजार ट्रक ज्या शब्दावर चालतात तो मेलेला कसा?

असो. मी एक वही केली आहे. ‘घासलेट’ म्हणजे गॅसलाइट आणि ‘टमरेल’ म्हणजे टंबलर, हे दोन आधीच लिहिलेत. तुमच्या गावचे असतील ते मेसमध्ये गाठून सांगा. फक्त जेवताना टमरेलावर चर्चा नको.