पेरूच्या बिया आणि डावी कूस

औरंगपुऱ्यात माझ्या दवाखान्याखाली फळांच्या गाड्या लागतात. दिवाळी जवळ आली की त्यांवर सीताफळं दिसतात, मागोमाग पेरू. त्या दिवसांत एक प्रश्न हमखास येतो. ‘डॉक्टर, बी पोटात गेली तर पुन्हा उठेल का हो?’ उठणार ते डायव्हर्टिक्युलायटिस. नाव जिभेला जड, म्हणून रुग्ण ‘पिशव्यांचा त्रास’ म्हणतात. मला तेच नाव जास्त नेमकं वाटतं.

मोठ्या आतड्याच्या स्नायूंतून रक्तवाहिन्या जिथे आत शिरतात, ती जागा मुळातच कच्ची असते. आत दाब वाढला की अस्तर त्या फटीतून मटाराच्या दाण्यासारखं बाहेर फुगतं. डाव्या कुशीकडचा वळणदार भाग सगळ्यांत चिंचोळा, त्यामुळे तिथे दाबही जास्त. (जपान-कोरियाकडे याच पिशव्या उजवीकडे अधिक सापडतात आणि अपेंडिक्सचा संशय येतो.) पुष्कळांना या पिशव्या आयुष्यभर असतात आणि कळतही नाहीत. त्यांतल्या एखादीला सूज आली की डाव्या कुशीत दुखतं, ताप येतो, आणि मग माझी गाठ पडते.

बियांचं म्हणाल, तर त्या पिशवीत अडकतात ही समजूत डॉक्टरांनीच पसरवली. आम्हीही विद्यार्थीदशेत ती पाठ केली होती. २००८ साली अमेरिकेतल्या ४७,२२८ पुरुषांच्या १८ वर्षांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. दाणे, अक्रोड, मक्याच्या लाह्या खाणाऱ्यांना त्रास जास्त झालेला नव्हता, उलट थोडा कमीच होता. तेव्हा पेरू खा. सीताफळाची बी थुंकाच, पण ती थुंकायचीच असते म्हणून.

बद्धकोष्ठतेचा भाग याहून गुंतागुंतीचा आहे. १९७१ मध्ये पेंटर आणि बर्किट या दोघा ब्रिटिश शल्यविशारदांनी मांडलं, की चोथा नसलेलं अन्न, कडक मळ आणि कुंथणं यांतून या पिशव्या होतात. आफ्रिकेत काम केलेल्या बर्किट यांना तिथल्या खेड्यांत हा आजार जवळजवळ दिसला नव्हता. हे म्हणणं इतकं पटण्याजोगं होतं की चाळीस वर्षं कुणी फारसं हलवून पाहिलं नाही. २०१२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात २,१०४ जणांची कोलोनोस्कोपीनंतर चौकशी झाली, आणि बद्धकोष्ठता असणाऱ्यांत पिशव्या जास्त सापडल्याच नाहीत. म्हणून ‘पोट साफ नव्हतं, म्हणून हे झालं’ असं मी आता छातीठोकपणे सांगत नाही. पण पिशव्या आहेत, अधूनमधून सुजतात आणि शौचाला चौथ्या दिवशी होतं, अशा माणसाचं काय करायचं, हा प्रश्न उरतोच.

माझ्याकडे येणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका अशाच. दोन वर्षांत तीनदा सूज. प्रत्येक वेळी त्या आधी घरीच इलाज करायच्या. डावीकडे दुखलं की ‘कोठा साफ नाही’ असं ठरवून रात्री सोनामुखीचं चूर्ण, सकाळी एरंडेल, गुडघ्यांसाठी डायक्लोफिनॅक चालूच. यातलं सगळंच चुकीच्या दिवशी. सुजलेल्या आतड्याला जुलाबाच्या औषधाने पिळून काढायचं नसतं. त्या वेळी एनिमाही नको. आणि डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी पिशवी फुटण्याचा धोका वाढतो. ताप-दुखण्याला पॅरासिटामॉल पुरतं.

म्हणून मी रुग्णाला विचारायला शिकवतो, की आज कोणता दिवस? सुजेचा असेल तर भाताची पेज, वरणाचं पाणी, ताक. चोथा बंद, इसबगोलही बंद. साध्या सुजेत प्रतिजैविकंही दर वेळी लागत नाहीत. स्वीडन-आइसलंडमधल्या ६२३ रुग्णांच्या २०१२ च्या चाचणीत त्यांनी फारसा फरक पडला नव्हता. मात्र ते डॉक्टरने सीटी स्कॅन पाहून ठरवायचं. पोट दगडासारखं लागलं, उलट्या थांबेनात, वारा सरेना किंवा लघवीतून बुडबुडे येऊ लागले, तर थेट घाटी रुग्णालय गाठा किंवा जवळचं दुसरं मोठं रुग्णालय.

सूज ओसरली की उलटं. चोथा परत आणायचा, पण पंधरा दिवसांत चढत चढत. इसबगोल आधी एक चमचा, वर मोठा पेला पाणी; कोरडं घेतलं तर तेच आतड्यात बूच होऊन बसतं. तेवढ्याने भागलं नाही तर पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पूड, रोज घेतली तरी चालते. भाकरीबद्दल मराठवाड्याचा माणूस हळवा असतो, पण शंभर ग्रॅम ज्वारीत आणि तेवढ्याच गव्हाच्या कणकेत चोथा जवळजवळ सारखा, दहा ग्रॅमच्या आसपास. मैद्यात तीनही नाही. त्यामुळे माझं भांडण पोळीशी नाही. ते नान खलियातल्या नानशी आहे, आणि लाल मांसाने या दुखण्याचा धोका वाढतो म्हणून थोडं खलियाशीही. शंकरपाळी त्याच मैद्याची.

गोळ्यांची पिशवीही मी टेबलावर रिकामी करायला लावतो. लोह, कॅल्शियम, रक्तदाबाच्या काही गोळ्या, ट्रॅमाडॉल, सगळ्या मळ घट्ट करणाऱ्या. त्या शिक्षिकाबाईंच्या पिशवीत त्यांतल्या तीन होत्या.

आणि एक गोष्ट औषधाची नाही. गुलमंडी-औरंगपुऱ्यातल्या दुकानांत दिवसभर उभ्या असणाऱ्या मुली माझ्याकडे येतात. जवळ धड स्वच्छतागृह नाही म्हणून त्या पाणीच पीत नाहीत आणि आलेला वेग दाबतात. चरकाने ‘नवेगान्धारणीय’ नावाच्या अध्यायाची सुरुवातच या दाबण्याने केली. या मुलींना मी इसबगोल लिहून देतो तेव्हा मलाच ओशाळवाणं वाटतं.

पुन्हा त्या शिक्षिकाबाईंकडे. तीनदा सूज आली म्हणून आतड्याचा तुकडा काढायलाच हवा, असं आता कुणी मोजून ठरवत नाही. बाईंची सूज उतरल्यावर दोन महिन्यांनी कोलोनोस्कोपी केली, कारण क्वचित कर्करोगही हेच सोंग घेतो. तो नव्हता. पुढे दोनदा दुखलं तेव्हा स्कॅनमध्ये सूजच नव्हती. आतडं नुसतं हळवं झालं होतं आणि मळ साठला होता.

गेल्या लक्ष्मीपूजनाला त्यांचा फोन आला.

‘डॉक्टर, डावीकडे दुखतंय. ताप नाही. चार दिवस झालेलं नाही.’

‘दाबलं की जास्त दुखतं?’

थोडा वेळ शांतता. मागे फटाके वाजत होते.

‘नाही हो. कालपासून फराळच चाललाय.’

‘मग आज पूड घ्या, दोन पेले पाण्यातून. उद्या सकाळी पुन्हा दाबून बघा आणि मला सांगा.’

‘आणि पेरू?’

‘पूजेतला आहे ना? खा.’