मान वर झाली की थांबा

पहिल्या हिवाळ्यात काढलेले पट्टकादंबांचे फोटो मी नंतर पुसून टाकले. सगळ्यांत पक्ष्यांच्या पाठीच होत्या. आसेगाव परिसरातल्या एका तलावाच्या गाळपेरीतून मी कॅमेरा घेऊन थेट त्यांच्या रोखाने चालत गेलो होतो. साठेक पक्षी एकदम उठले, पाण्यावर दोन घिरट्या घालून गेले, ते दिवसभर परतलेच नाहीत.

बांधावर हरभरा राखत बसलेले काका म्हणाले, “काऊन उठोतं बापा त्यायले? रातभर चरतेत, दिवसा निजतेत ते.” त्या पक्ष्यांनी खुडलेले कोवळे शेंडे काकांच्याच वावरातले होते. तरी ते असं बोलले, हे मी विसरलेलो नाही.

मंगोलिया, तिबेट, लडाखमध्ये घरटी करणारा हा पक्षी हिमालय ओलांडून आपल्याकडे येतो. उपग्रहाद्वारे माग काढताना त्याचं उड्डाण ७,००० मीटरच्याही वर नोंदलं गेलं आहे. एवढं अंतर कापून आलेल्याची दिवसाची झोप मी एका फोटोसाठी मोडली होती.

पुढच्या पौषात उजाडायच्या आत जाऊन बसलो. तुऱ्हाट्यांचा आडोसा, अंगावर मातकट घोंगडी, ६०० मिलिमीटरची लेन्स, शटरचा आवाज बंद. उन्हं वर आल्यावर थवा शेतांतून काठावर उतरला. एकेक पाय पोटाशी घेऊन, चोच पाठीच्या पिसांत खुपसून ते निजले. दोघं-तिघं मात्र राखणीला जागे होते. त्यातल्या एकाच्या पांढऱ्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे लेन्समधून स्वच्छ दिसत होते. लेन्स सरकवताना माझं कोपर हललं आणि त्याची मान ताठ झाली. मी श्वाससुद्धा जपून घेतला. वीसेक मिनिटांनी मान खाली गेली, तेव्हा पहिला फोटो काढला. थवा पाण्यात शिरेपर्यंत मी जागचा उठलो नाही.

परदेशात समुद्रकिनाऱ्यावर पहुडलेल्या सीलचे फोटो काढणाऱ्यांनाही हेच सांगतात: तो मान उचलून तुमच्याकडे बघू लागला, म्हणजे तुम्ही फार जवळ आलात.

आता उडतानाचा फोटो हवा म्हणून टाळ्या वाजवणारे, खडे मारणारे, ड्रोन सोडणारे दिसतात. मला त्याचा संताप येतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत वन्यप्राण्याला हाकणं आणि आमिष दाखवणंही येतं. हातात बंदूक नसली म्हणून सगळं माफ होत नाही.

या तलावाचं नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही. तुम्हाला असा काठ सापडला, तर तुम्हीही फोटोखाली ठिकाण टाकू नका.