सुवर्णभूमीची दैनंदिनी (भाग दुसरा) : उसनं बियाणं

मागच्या भागात आमचा बाराजणांचा नागपूरकर जथा बँकॉकमध्ये होता. वाट फो विहारातला 46 मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध पाहून झाला. जागतिक बौद्ध बंधुत्व संघाच्या मुख्यालयाचं दर्शनही झालं. याच संघाच्या 1950 च्या श्रीलंकेतल्या आणि 1956 च्या काठमांडूतल्या परिषदांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर गेले होते. आमच्यात सगळ्यांत मोठी माझी आई, वय सत्त्याहत्तर. 14 ऑक्टोबर 1956 ला, बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेच्या दिवशी, ती आठ वर्षांची होती. पवनीजवळच्या गावाहून अर्धी वाट बैलगाडीनं आणि अर्धी पायी, माझ्या आजोबांचं बोट धरून ती दीक्षाभूमीवर पोचली होती. आता तिच्यासोबत उत्तरेकडे निघालो आहोत.

दिवस तिसरा, मंगळवार : अयुथया

सकाळी साडेसातला गाडी निघाली. आमच्या गाईडबाई पन्नाशीच्या आहेत. थाई भाषेत मोठ्या बहिणीला आणि मोठ्या भावाला 'पी' म्हणतात. आम्ही पहिल्याच दिवशी त्यांना ताई म्हणायला लागलो आणि त्याही ओ द्यायला लागल्या. आईला त्या 'याय' म्हणतात, म्हणजे आईची आई. आई म्हणाली, "आपली माय अन् यांची याय. काही फरक नाय."

अयुथया हे अयोध्येचं थाई रूप. 1350 मध्ये वसलेलं हे राजधानीचं शहर 417 वर्षं नांदलं आणि 1767 मध्ये बर्मी सैन्यानं ते जाळलं. तीन नद्यांच्या वेढ्यातल्या या शहरात आज उरल्या आहेत लाल विटांच्या भिंती, चुन्याचा गिलावा गळालेले स्तूप आणि वाट महाथातमधल्या शीर नसलेल्या बुद्धमूर्तींच्या रांगा. मांडीवर हात तसेच आहेत, पाठ ताठ आहे, वर फक्त आभाळ. आमच्या गाडीत सकाळपासून चाललेल्या गप्पा तिथं आपोआप थांबल्या.

त्याच आवारात एका बोधिवृक्षाच्या मुळांनी बुद्धाचं दगडी मस्तक कवेत घेतलं आहे. फोटो काढायचा तर खाली बसूनच काढायचा असा नियम आहे. आपलं डोकं बुद्धाच्या डोक्याहून वर नको. आईला कुणी सांगावं लागलं नाही. ती पदर सावरून आधीच मातीवर बसली होती.

उठताना तिनं शेजारच्या पडक्या भिंतीकडे बोट केलं. "अशाच इटा निघाल्या होत्या आपल्या जगन्नाथ टेकडीत."

पवनीचं उत्खनन 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व सर्वेक्षण विभागानं मिळून केलं. माझे मामा त्या खोदकामावर रोजंदारीनं जात. गाव ज्याला पिढ्यान् पिढ्या टेकडी म्हणत होतं, तिच्या पोटात स्तूप निघाला. आपल्याकडे तो इतका विसरला गेला होता की त्याचं नावसुद्धा उरलं नव्हतं.

इथं तसं झालं नाही. शहर जळाल्यावर पंधरा वर्षांत, 1782 मध्ये, पहिल्या राम राजानं बँकॉकला राजधानी केली. अयुथयाच्या विटा नदीतून खाली नेल्या आणि उत्तरेतल्या ओसाड विहारांतल्या मूर्ती गोळा केल्या. वाट फोच्या ओवऱ्यांत काल आम्ही ओळीनं बसलेले बुद्ध पाहिले, ते याच उजाड झालेल्या मुलखातून आलेले. काल नुसत्याच सुंदर वाटलेल्या त्या मूर्ती आज मला वाचलेल्या माणसांसारख्या आठवल्या.

दिवस चौथा, बुधवार : धानाच्या वाटेनं

आज साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास, सुखोथाईपर्यंत. गाडीत आमच्या पाली शिकवणाऱ्या सरांनी ताईंकडून थाई शब्द गोळा करायला सुरुवात केली आणि बघता बघता सगळी गाडी त्यात रमली. बुधवार म्हणजे 'फुत', शुक्रवार 'सुक', मंगळवार 'अंगखान', म्हणजे अंगारक. भाषा म्हणजे 'फासा', आहार म्हणजे 'आहान', गुरू म्हणजे 'ख्रू', बँक म्हणजे 'थनाखान', अर्थात धनागार. टेलिफोनला 'थोरासप' म्हणतात. सरांनी दोनदा उच्चारून पाहिला आणि एकदम टाळी दिली, "दूरशब्द!" आपण फोनला फोन म्हणून मोकळे झालो, यांनी मात्र आपल्याकडच्या शब्दांतून नवा शब्द घडवला. 'सवासदी' हे रोजचं अभिवादनसुद्धा 'स्वस्ति'वरूनच आलं आहे.

दुपारी एका खानावळीत थांबलो. एक मावशी मातीच्या खोल उखळात लाकडी मुसळानं कच्ची पपई कुटत होती. आधी लसूण आणि हिरवी मिरची, मग चवळीच्या लांब शेंगा, टोमॅटो, शेंगदाणे, लिंबू, ताडाचा गूळ आणि शेवटी पपईचा कीस. कुटताना दुसऱ्या हातातल्या चमच्यानं ती खालचं वर करत होती. हे 'सोम तम'. त्यात मासळीचं पाणी घालतात. आमच्यातल्या शाकाहारी मंडळींसाठी तिनं ते न घालता मीठ टाकलं. सूपमध्ये गवती चहाच्या काड्या पाहून सगळ्यांना नवल वाटलं. आपण चहात टाकतो, ते चिरून टाकतात.

खानावळीमागे धान कापणीला आलं होतं. आई भंडारा जिल्ह्यातली. धान दिसलं की तिचे पाय आपसूक बांधावर जातात. तिनं एक लोंबी हातात घेतली, तळहातावर चोळली, फुंकर मारली आणि एक दाणा दातानं फोडला.

"दाणा लांब हाय," ती म्हणाली. मग बांधावरच बसून तिनं एक गोष्ट सांगितली. मी तिची मुलगी, पण ही गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"मी लहान असतानी एका साली वैनगंगेचा पूर आला. बांधीतलं सारं गेलं, अन् घरातलं बियाणंबी भिजून सडलं. पुढच्या साली पऱ्हे टाकाले दाणा नाय. मग माह्या बापानं नदीपल्याडच्या गावाहून उसनं बियाणं आणलं. तो म्हातारा म्हणे, अरे, हे तुह्याच बापानं मले देल्लं होतं, आमच्याकडे दुष्काळ पडला तवा. बाप घरी येऊन लय रडला."

ताईंना सरांनी इंग्रजीतून सांगितलं. त्यांनी काही न बोलता आईपुढे हात जोडले.

दिवस पाचवा, गुरुवार : पिंडपात

पहाटे पाचला उठलो. सुखोथाई म्हणजे सुखोदय. तेराव्या शतकात इथं थाई लोकांचं मोठं राज्य उभं राहिलं. जुन्या नगरीत तळ्यातल्या बेटावर वाट त्राफांग थोंग हा नांदता विहार आहे. तिथले भिक्खू रोज सकाळी लाकडी पुलावरून भिक्षेला येतात. थाईत त्याला म्हणतात 'बिंथबात', पालीतला पिंडपात.

तळ्यावर धुकं होतं. पुलाच्या कडेला चटई अंथरून आम्ही बसलो, चपला बाजूला. प्रत्येकासमोर भाताची पिशवी, रबरबँडनं बांधलेली रश्श्याची पिशवी, पाण्याची बाटली आणि कमळाची कळी. ताईंनी दोन गोष्टी बजावल्या होत्या : भिक्खूंना स्पर्श करायचा नाही आणि घाई करायची नाही.

ते अनवाणी आले. पावलांचा आवाज नव्हता, पुलाच्या फळ्या तेवढ्या करकरत होत्या. आपल्याकडे वर्षावासात भंतेजींना घरी बोलावून आपण भोजनदान देतो. ताट वाढताना बोलणं होतं, आग्रह होतो. इथं एक शब्द नाही. भिक्खूनं पात्राचं झाकण उघडलं, आईनं भात ठेवला, रस्सा ठेवला. मग पिशवीतून नागपूरहून आणलेला संत्रा बर्फीचा छोटा डबा काढला आणि थरथरत्या हातानं तोही ठेवला. भिक्खू विशी-बाविशीचा असेल. झाकण लावून तो उभा राहिला आणि त्यांनी सगळ्यांनी मिळून आशीर्वादाची पाली गाथा म्हटली. आईचे डोळे मिटलेले होते.

दिवसभर सुखोथाई पाहिलं. वाट सी चुममध्ये चिंचोळ्या दारातून आत गेलं की पंधरा मीटर उंचीचा बुद्ध एकदम समोर येतो. राजा रामखामहेंगच्या पुतळ्याशेजारी एक घंटा टांगलेली आहे. 1292 च्या मानल्या जाणाऱ्या त्याच्या शिलालेखात म्हटलं आहे, की ज्याला गाऱ्हाणं असेल त्यानं येऊन दारातली घंटा वाजवावी, राजा स्वतः ऐकून न्याय देईल. आमच्यातल्या इंदोऱ्याच्या दोघी बहिणी त्या घंटेपाशी बराच वेळ उभ्या होत्या. गाऱ्हाणं ऐकलंच जात नाही असे दिवस ज्यांच्या आजोबांनी काढले, त्यांना ती घंटा काय सांगते हे मला विचारावं लागलं नाही.

पण मनात राहिला तो चालणारा बुद्ध. मागच्या पायाची टाच किंचित उचललेली, चीवर वाऱ्यानं अंगाला बिलगलेलं, एक हात अभय देत वर. चालणाऱ्या बुद्धाची स्वतंत्र मूर्ती घडवणं ही सुखोथाईच्या शिल्पकारांची देणगी. 2023 च्या सुरुवातीला थायलंडचे शंभरावर भिक्खू परभणीहून दादरच्या चैत्यभूमीपर्यंत पायी चालत गेले होते, ते आठवलं. ही मूर्ती बघून ते चालणं आज जास्त कळलं.

दिवस सहावा, शुक्रवार : दोई सुथेप

सुखोथाईहून सकाळी सातला निघून दुपारी चियांग माईला पोचलो. 1296 मध्ये राजा मेंगराईनं वसवलेलं हे शहर डोंगरांच्या कुशीत आहे. संध्याकाळी वळणावळणाच्या घाटानं दोई सुथेपवर गेलो. नागांच्या कठड्यांच्या तीनशेवर पायऱ्या आम्ही चढलो, आई लिफ्टगाडीनं वर आली.

आज अमावास्या, म्हणजे 'वन फ्रा', उपोसथाचा दिवस. वर पाहतो तर सोन्यानं मढवलेल्या स्तूपाभोवती बाया-माणसं पांढऱ्या कपड्यांत. आईनंही सकाळीच पांढरी साडी नेसली होती. तिला वन फ्राची कल्पना नव्हती. आज पौर्णिमा-अमावास्या काहीतरी असेल एवढं तिच्या बोटांच्या हिशेबात होतं, आणि विहारात जाताना पांढरंच नेसायचं हे तिला आठव्या वर्षापासून ठाऊक होतं.

हातात कमळ, उदबत्ती, मेणबत्ती घेऊन तीन प्रदक्षिणा झाल्या. मग सगळे खाली बसले. एका थाई आजीनं सरकून आईला आपल्या चटईवर जागा दिली. भिक्खूंनी वंदना सुरू केली. पहिले दोन शब्द ऐकताच आईनं मान वर केली. चाल वेगळी, सूर खालचा. 'भगवतो'चं 'फखवतो' होत होतं आणि 'बुद्धं'चं 'फुत्थं'. क्षणभर ती थांबली. मग तिनं आपल्या गावच्या विहारात म्हणतात तशी, आपल्याच उच्चारात सुरुवात केली. शेजारची आजी तिच्याकडे वळून बघायला लागली, हसली आणि तिनं आपला आवाज थोडा मोठा केला. त्रिसरण झालं, पंचशील झालं. एकही शब्द पुढेमागे झाला नाही. आमच्या मागे बसलेले सर चष्मा काढून डोळे पुसत होते.

खाली चियांग माईचे दिवे लागले होते. लिफ्टगाडीची वाट पाहताना मी आईला विचारलं, थकलीस का?

"नाय," ती म्हणाली. तिच्या हातात त्या आजीनं दिलेली कमळाची कळी होती. "माह्या बापाले हे पाहाले पाहिजे होतं. नदीपल्याड बियाणं जपून ठेवलं होतं यायनं."

*(पुढच्या भागात : थायलंडचं सर्वांत उंच शिखर दोई इंथानोन आणि डोंगरातल्या गावांची भेट.)*